आनंदीच्या अंगणाचा आकडा

आरोही मॅडम आमच्या अंगणातल्या भेगा मोजायला आल्या तेव्हाच मी म्हणालो होतो, हे विकतचं दुखणं आहे. पण माझ्या बायकोनं, आनंदीनं, तोवर चहा ठेवलाही होता.

मॅडम कॉलेजात संशोधन करतात. ओली माती वाळताना भेग कुठं वळेल हे कुणी सांगू शकत नाही, पण तिचा गुंता किती हे मोजता येतं म्हणे. चौकटीला दोऱ्यांची जाळी बांधून मॅडम ती अंगणावर ठेवत आणि भेग गेलेले चौकोन मोजत. मग आणखी बारीक जाळी, पुन्हा मोजणी. एकच सरळ भेग असली तर आकडा एक, अख्ख्या अंगणाच्याच भेगा झाल्या तर दोन. आमचा आला दीड. शेजारच्या जिजाचा एक पॉइंट सात.

इथंच घोळ झाला. आमच्या गावात कशालाही आकडा लागला की त्याला मार्क म्हणतात.

"जिजाला जास्त? तिला शेण तरी धड कालवता येतं का वो मॅडम?"

"आनंदीबाई, हे मार्क नाहीत."

आनंदी ऐकते थोडीच! शेण कमी केलं, माती वाढवली, सारवून कडक ऊन दिलं. आठवड्यात आकडा एक पॉइंट आठ. अंगणातली माझी खाट, एक पाय भेगेत जाऊन, तीन पायांवर उभी राहू लागली. बायका हळदीकुंकवाला एकमेकींचे आकडे विचारू लागल्या.

अशात आमच्या लेकीचं, सुनिताचं, जितेशशी जमलं. मुलगा खोपोलीत कारखान्यात, घर खालापूरकडं, स्वभावानं सोनं. पोरीचं त्याच्यावर मन होतं, मला तर नाचावंसं वाटलं. साखरपुड्याची तारीख काढायला आम्ही गेलो आणि आनंदी दारातच थबकली. अंगणात गुळगुळीत सिमेंटचा कोबा होता.

"हितं भेग नाय?"

जितेशचा बाप भिवाजी छाती फुगवून म्हणाला, "एक तरी दावा! बारा वरसं झाली कोबा घालून."

"म्हंजे शून्य," आनंदी म्हणाली. "शून्याच्या घरात मी पोर देनार नाय."

आणि माघारी फिरली. सुनिता दोन दिवस जेवली नाही. मी ओरडलो, मग हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी जितेशचा फोन आला. "मामा, सगळे या. मॅडमना पन आना."

गेलो तर पोरगा घामानं निथळत होता, हातात घण. दारापासून तुळशीपर्यंत कोबा फुटलेला. भिवाजी पायरीवर डोकं धरून बसला होता. मॅडमनी कपाळावर हात मारला, पण सुनिताच्या तोंडाकडे बघून जाळी काढली. दोन तास मोजलं. एक पॉइंट चार.

आनंदीनं वाकून भेगेवरून बोट फिरवलं.

"काठावर पास," ती म्हणाली.

सुनिता रडता रडता हसली. माझेही डोळे भरले. तीस वर्षांत मी आनंदीसाठी साधी वीट फोडली नव्हती, याची त्या क्षणी मनापासून लाज वाटली. तिनं ते माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"जितेश, घन दे रं जरा ह्यांच्याकडं," ती म्हणाली. "आमच्या मोरीचा कोबा अजून साबूत हाय."

मी घण खांद्यावर घेतला.