इस्त्रीच्या टेबलावरची पहिली

मी इस्त्रीचं टेबल बोलतोय. उभ्यानेच बोलतोय, कारण बसायची सोय देवाने आणि कारखान्याने, दोघांनीही माझ्यात ठेवली नाही. बोलण्यात जरा कुरकुर जाणवली तर मनावर घेऊ नका. थकलेलं माणूस आणि थकलेलं लोखंड, दोन्ही कुरकुरतात.

माझा जन्म कुठल्या देशातला ते मला ठाऊक नाही. तसं सांगणारा कागद पोटाला चिकटवलेला होता, तो कुणीतरी दुकानातच सोलून टाकला. अंगाची लोखंडी जाळी, कात्रीसारखे दोन पाय, ते हव्या त्या उंचीवर अडकवायचा एक चाप आणि वरून निळ्या फुलांचं कापड, एवढाच माझा संसार. मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानातून मला टेरेन्स नावाच्या गृहस्थांनी टॅक्सीत आडवं घालून जवळच्याच दार्सैतला, आपल्या घरी आणलं. ते मूळचे वसईचे, मस्कतच्या एका हॉटेलात लाँड्रीचे सुपरवायझर. दिवसभर परक्यांच्या चादरी कडक करून आलेला माणूस घरी रुमालालासुद्धा हात लावत नसे. सगळी इस्त्री त्यांच्या बायकोच्या, कार्मेनबाईंच्या गळ्यात. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साला जायचे कपडे त्या गुरुवारी माझ्यावर करत आणि करता करता वसईच्या बहिणीशी फोनवर बोलत. अशाच एका गप्पांत इस्त्री माझ्यावर विसरली आणि कापडावर तिकोनी डाग पडला. बहिणीला त्यातलं काही कळलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

टेरेन्स रिटायर झाले आणि दोघं गावी निघाली. आखातात माणूस कायमचा परत निघाला की त्याचं घर बिल्डिंगमध्ये वाटलं जातं. मिक्सर एका घरी, गाद्या दुसऱ्या घरी, कढीपत्त्याची कुंडी तिसऱ्या. मी गेलो वरच्या मजल्यावरच्या प्रभावतीकडे, कारण ती कधीमधी कार्मेनबाईंना गरम घावणे पाठवायची.

"हे तू ठेव गं," कार्मेनबाई म्हणाल्या, "वसईला न्यायला ते काय सोन्याचं आहे?"

एवढी वर्षं सेवा केली आणि निरोप असा मिळाला. असो.

प्रभावती कुडाळकडची. नवरा दयानंद एसी दुरुस्तीच्या कंपनीत. त्याचा खाकी युनिफॉर्म रोज माझ्यावर यायचा आणि घामाने कडक झालेली ती कॉलर सरळ करताना प्रभावतीचा हात भरून यायचा. घरात तिसरी होती सोनल, त्यांची मुलगी. तिचं केजी नुकतंच संपलं होतं. पहिलीचा युनिफॉर्म, नवे बूट, पाण्याची बाटली, सगळं आणून ठेवलं होतं. प्रभावतीने तो युनिफॉर्म कितीदा इस्त्री केला, देव जाणे. आणि मग तो आजार आला आणि सगळं बंद झालं. दयानंदचं काम तेवढं चालू राहिलं. उन्हाला काय, साथ कळते थोडीच? शाळेने सांगितलं, पहिली आता फोनवर भरेल.

त्या घरात जेवण जमिनीवर, अभ्यास मांडीवर. टेबल म्हणावं असा मी एकटाच. शिवाय नेट यायचं ते फक्त खिडकीजवळ आणि खिडकीजवळ उभा होतो मी. झालं. माझा चाप सर्वांत खालच्या खाचेत गेला, समोर प्लास्टिकचं स्टूल आलं, जळका डाग झाकायला माझ्यावर एक जुनी चादर पडली, ती जमिनीपर्यंत लोंबायची. फोन उभा करायला काहीच मिळेना, म्हणून तो थंड इस्त्रीला टेकवला. सकाळी शाळा, दुपारी दयानंदचे कपडे, संध्याकाळी होमवर्क. अंग गार व्हायला सवडच मिळेना.

फोनमध्ये चिमुकल्या चौकोनांतून पोरं दिसत. कुणी जांभई देतंय, कुणाचा बाप लुंगीवर मागून जातोय, कुणाच्या घरी कुकर शिट्ट्या मारतोय. सोनलही वर शाळेचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी घालून बसायची. वरून कॅमेऱ्याला दिसे ती शाळा, खालून मला दिसे ते घर. मधोमध शॅनन मिस. त्यांचा आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता. "रय्यान, अनम्यूट. रय्यान, बेटा, अनम्यूट. नो, नो, नाऊ म्यूट." शिकवणं कमी आणि हे जास्त. मला त्या बाईंची दया यायची. त्याही उभ्यानेच शिकवत.

एके दिवशी मिसनी पडद्यावर पुस्तकाचं पान लावलं आणि सोनलला वाचायला सांगितलं. सोनल गप्प. मिस थांबल्या, मग दुसऱ्या मुलाकडे वळल्या. सोनलने कॅमेरा बंद केला आणि माझ्यावर डोकं ठेवून रडली. लहान मुलाचे अश्रू कढत असतात, इस्त्रीच्या वाफेपेक्षाही.

प्रभावतीच्या काळजाचं पाणी झालं. ती मराठी शाळेत शिकलेली. लग्नानंतर इथे आली तेव्हा दवाखान्यात नर्सने इंग्रजीत विचारलेलं साधं "नेम?" सुद्धा तिला कळलं नव्हतं आणि सगळ्यांसमोर कानाची पाळी लाल झाली होती. हे ती दयानंदला अनेकदा सांगायची. आपल्या पोरीचं असं होऊ नये, बस्, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी तिने काय करावं? दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला, तशी ती चादर उचलून माझ्या खाली शिरली.

कॅमेऱ्याला ती दिसायची नाही. पण माझं अंग जाळीचं. खालून कुजबुजलं की वर ऐकू येतं. पडदा तिला दिसत नसे, म्हणून आदल्या संध्याकाळी ती अख्खं पान पाठ करून ठेवायची. माझ्यावर कपडे पसरून, एका हाताने इस्त्री आणि दुसऱ्या हातात पहिलीचं इंग्रजी पुस्तक. अडलं की दयानंदला विचारायची, त्यालाही अडलं की दोघं फोनला विचारायची. सकाळी मिसनी "सोनल, रीड" म्हटलं की खालून शब्द यायचा आणि वरून सोनल तो म्हणायची. अगदी खणखणीत. मिस म्हणायच्या, "व्हेरी गुड, सोनल! फाइव्ह स्टार्स!" आणि माझ्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई लाजून हसायची. ते स्टार्स तिलाच मिळाले होते म्हणा ना.

दयानंदने एकदा सुट्टीच्या दिवशी हा प्रकार पाहिला. चादर वर करून म्हणाला, "अगो, पहिलीत तां आसा की तू?"

"तुमका काय जाता बोलूक? तुम्ही बसा बघू हय खाली. पाठ फुटान जाता," प्रभावती म्हणाली.

"माका नको. माका उंच शिडीवर काम करूची सवय आसा," तो हसून म्हणाला, आणि खलास, विषय संपला. बापलोक असेच सुटतात.

असं वर्ष गेलं, सोनल दुसरीत गेली, मिस त्याच राहिल्या, आणखी काही महिने गेले. या काळात एक गंमत झाली. प्रभावतीला इंग्रजी वाचता येऊ लागलं. दुधाच्या खोक्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं ती मोठ्याने वाचायची. सोनल मात्र पुस्तक उघडून गाणं म्हटल्यासारखं घडाघडा म्हणायची आणि तिचं बोट भलत्याच ओळीवर असायचं. करायला गेली काय आणि झालं काय! मला दिसत होतं, पण टेबलाला कोण विचारतो?

मग शाळा उघडली. वर्गात एकदम सगळी नकोत, म्हणून एक आठवडा अर्धी मुलं शाळेत आणि अर्धी घरी, पुढच्या आठवड्यात उलट. जुना युनिफॉर्म घालायच्या आतच आखूड झाला होता, म्हणून नवा आला. तोंडावर मास्क, पाठीवर दप्तर. सोनल नाचत गेली आणि पहिल्याच दिवशी गप्प होऊन आली. दुसऱ्या दिवशी गप्पच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मम्मा, माझं स्टमक पेन आहे. मी शाळा नाही जाणार."

संध्याकाळी शॅनन मिसचा फोन आला. प्रभावती कणीक मळत होती, म्हणून फोन स्पीकर लावून माझ्यावर ठेवला होता. मिस वसईच्याच निघाल्या, मराठीत बोलल्या.

"सोनल वर्गात तोंडच उघडत नाही हो. वाचायला उभी केली की खाली वाकून बाकाखाली बघते. मी विचारलं, सोनल, व्हॉट आर यू लुकिंग फॉर? तर म्हणाली, माय आन्सर. मुलं हसली. तेव्हापासून ती डबा उघडून मागायलासुद्धा बोलत नाही."

प्रभावतीचे कणकेचे हात तसेच राहिले. ती म्हणाली, "मिस, तुम्हाला कळत होतं?"

"आवाज यायचा ना. तुमचाच नाही, सगळ्या घरांतून यायचा. कुठे पडद्याआडून, कुठे कपाटामागून. मी तरी कुणाला बोलणार? माझा स्वतःचा मुलगा आतल्या खोलीत शिकत होता आणि त्याच्या पाठीशी माझी सासू बसायची." मिस दमल्यासारख्या हसल्या. "पुढचा आठवडा तिचा घरचा आहे. मी तिचं एकटीचं रीडिंग घेईन. नाही आलं तर नाही आलं. पण तुम्ही नका हं बसू. तिचा आवाज मी अजून ऐकलेलाच नाही."

फोन ठेवल्यावर प्रभावती रडली. आधी स्वतःवर चिडली, मग पोरीवर, मग माझ्यावर चिडून माझी चादर ओढून काढली आणि पुन्हा घातली. आठवडाभर तिने सोनलला शिकवायचा प्रयत्न केला. पण सवय वाईट. सोनल अडली की हिच्या तोंडून शब्द निसटायचाच. तोंड मिटून धरलं तर ओठ हलायचे आणि पोरगी पुस्तक सोडून ओठच वाचायची. शेवटी ती सोनलकडे पाठ फिरवून बसू लागली. तरी मान हलायची. आईचं शरीर म्हणजे चाळणच, त्यातून काहीतरी झिरपतंच.

मिसच्या रीडिंगचा दिवस उजाडला. सोनल स्टुलावर बसली. प्रभावती स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लावून घेतलं. मिसनी पान लावलं. सोनलने माझी चादर उचलून खाली पाहिलं. खाली तिच्याच चपला. ती वर आली आणि तिचे हात माझ्या कडेला घट्ट धरून राहिले. मिस वाट बघत होत्या. स्वयंपाकघराच्या दाराला आतून काहीतरी टेकलं, बहुतेक प्रभावतीचं कपाळ.

"द..." सोनल म्हणाली. पुढे किती तरी वेळ काही नाही. "गोट... इज... ऑन द... हाउस."

"हिल," मिस म्हणाल्या, "ऑन द हिल. पण बाकीचं तुझं तू वाचलंस. गुड, सोनल. वन स्टार."

दार उघडून प्रभावती बाहेर आली तेव्हा ओढणीचं टोक अजून तिच्या दातांत होतं. सोनलने विचारलं, "मम्मा, फक्त वन?" प्रभावतीने तिला कवळून धरलं आणि म्हणाली, "होय गो बाय. पण तो तुझो आसा."

त्यानंतर रोज संध्याकाळी सोनल माझ्यावर पुस्तक ठेवून अडखळत वाचायची आणि प्रभावती पाठमोरी भाजी चिरायची. एक पान संपेपर्यंत भात शिजायचा. सोनल चुकली की सुरी थांबायची, पण शब्द यायचा नाही. पुन्हा शाळा भरली तेव्हा ती वर्गात डब्यापुरतं बोलली, मग थोडं अधिक. माझ्यावर रेलून रेलून तिने माझा चाप मात्र मोडला. आता एक पाय मधेच घसरतो.

दयानंदला कंपनीने दूरच्या सोहार शहरातल्या औद्योगिक वसाहतीत पाठवलं आहे. सामान कालच गेलं. मला न्यायला ट्रकमध्ये जागा नव्हती, म्हणून मी लिफ्टपाशी उभा आहे, पोटावर कागद चिकटवून. कुणाला न्यायचं असेल तर या. एकच विनंती आहे, मला फक्त कपड्यांना वापरा. आणि शाळा पुन्हा कधी घरात आलीच, तर माझ्याखाली कुणी बसू नका. पोर अडलं तर अडू दे. त्या अडण्याच्या वेळात आईने कुठे जायचं, एवढंच अवघड असतं.

आज सकाळी तिघं निघाली. बॅगा लिफ्टपाशी ठेवून दयानंद बटण दाबत होता. सोनल माझ्यासमोर थांबली आणि तिचं बोट कागदावर फिरू लागलं.

"फ्री," ती म्हणाली. "गुड... कन्... कन्डी..."

प्रभावतीने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन्ही हात बॅगेच्या कडीवर आवळून ती भिंतीकडे बघत राहिली.

"कन्डिशन. गुड कन्डिशन." सोनल वळली. "पप्पा, तुम्ही हे राँग लिहिलंय. याचा लेग ब्रोकन आहे."

दयानंद खो खो हसला. "यल्ला, चला, टॅक्सी थांबली आसा," म्हणत तो बॅगा आत ढकलू लागला. प्रभावती हसली नाही, रडलीही नाही. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती पोरीच्या तोंडाकडेच बघत होती, जणू तो आवाज तिने आजच पहिल्यांदा ऐकला.

माझ्याकडे तिने वळून पाहिलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. जा बायांनो, सांभाळून जा.