ओंडक्यातलं लोखंड

आमच्या लाकडाच्या वखारीत दादा करवत चालवायचा आणि मी तोंड. गिऱ्हाइकं, ट्रकवाले, भाव, वायदे, सगळं माझ्याकडे. दोन्हींची धार सारखीच, असं वहिनी म्हणते, आणि ती काही कौतुकाने म्हणत नाही.

गेल्या वर्षी एका ओंडक्यात जुना खिळा होता. आम्हाला तो सापडला नाही, करवतीला सापडला. तिचा दातेरी पट्टा तुटून उसळला आणि दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. जखम भरली, दादा वखारीत यायलाही लागला, पण करवतीच्या खोलीत पाऊल टाकेना. बाहेर बाकावर बसून रस्ता बघायचा. आम्ही करवतीवर एक माणूस ठेवला, तो हात बसल्यावर दुसरीकडे निघून गेला. तेव्हा दादा म्हणाला, "करवत विकून टाकू. मी काही पुन्हा तिच्यासमोर उभा राहणार नाही."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मी घाबरले. दादा चिडला तर काय करायचं ते मला ठाऊक आहे, मीही चिडते. शांत दादाचं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. करवत गेली तर तो त्या बाकावर बसूनच म्हातारा झाला असता. म्हणून मी कुणाला न विचारता लाकडातलं लोखंड शोधणारं यंत्र मागवलं.

खोक्यातून निघालं ते एवढंसं. एक दांडा, त्याच्या टोकाला बशीएवढी काळी चकती, मुठीजवळ एक बटण आणि आवाज कमीजास्त करायची कळ. वहिनीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"वन्सं, ह्याने माश्या मारता येतील का हो?"

"लोखंड ओळखतं ते," मी म्हटलं, आणि बटण दाबून तिच्या डोक्यावरून चकती फिरवली. यंत्र तिच्या केसांतल्या आकड्यांवर असं किंचाळलं की वहिनी खुर्चीतून उठलीच. मग मात्र तिलाही चेव आला. दोघींनी मिळून घर पालथं घातलं. भिंतीत तारा कुठून गेल्यात ते कळलं, दाराच्या चौकटीत किती खिळे आहेत ते कळलं, आणि सोफ्याच्या पोटातून वहिनीची हरवलेली कात्री निघाली. ती कात्री दादाने कुणाला तरी देऊन टाकली, असं तिने सहा महिने ठासून सांगितलं होतं. दादा समोरच बसला होता. त्याने फक्त कात्रीकडे आणि मग बायकोकडे बघितलं.

घरात पहिल्या नंबराने पास झालेलं यंत्र वखारीत मात्र नापास झालं. तिथे कुठेही धरा, बोंब ठोकायचं. साहजिकच होतं, वखारीत लाकडाइतकंच लोखंड असतं: साखळ्या, रूळ, पत्रे, पाचरी. मी ओंडके लाकडी ठोकळ्यांवर उचलून घेतले, आजूबाजूचं सगळं लांब हलवलं, कळ मागे फिरवली. आता यंत्र वरच्या बाजूला गप्प राहायचं, पण चकती खाली नेली की प्रत्येक ओंडक्याच्या बुडाशी बोलायचं. म्हटलं, सापडलं! पटाशी घेऊन बसले आणि ओंडक्याला वीतभर भगदाड पाडलं. डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा निघाला नाही. दुसरा पोखरला, तेच.

बाकावरून दादाचा आवाज आला. "तुझे बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि बघ."

वखारीत पायावर लाकूड पडलं तर बोटं वाचावीत म्हणून आमच्या बुटांच्या टोकांत लोखंडी वाट्या असतात. मी दिवसभर स्वतःचेच पाय शोधत होते. मला इतका राग आला की मी ते बूट अंगणात फेकले. दादा हसला नाही, पण बाकावरून उठून जवळ आला. अपघातानंतर आपणहून जवळ आला तो हा पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी त्याने गिरमिट मागितलं. कशाला, ते सांगेना. मला दुकानातल्या खोलीत बसवून दार लावलं. बऱ्याच वेळाने हाक आली. ठोकळ्यांवर पाच ओंडके मांडले होते, प्रत्येकाला ठिकठिकाणी भोकं पाडून वर लाकडी खुंट्या ठोकून घासून टाकल्या होत्या.

"कुठल्यातरी खुंटीमागे खिळे आहेत," दादा म्हणाला. "शोध."

मी त्याच्या हाताकडे बघत होते. तीन बोटांनी गिरमिट धरून त्याने ही सगळी भोकं पाडली होती. मी ते बोलून दाखवलं नाही. दादाचं कौतुक केलं की तो काम सोडतो.

मग आमचा हा खेळच झाला. तो लपवायचा, मी शोधायची. मी अनवाणी, केसात आकडा नाही, हातात घड्याळ नाही. चकती भरभर फिरवली की खिळा निसटतो, हे कळलं. उभा खिळा बारीक बोलतो आणि आडवा मोठ्याने, हेही कळलं. खोलवरच्या खिळ्याचा आवाज असा येतो की आला की भास झाला, ते ठरवता येत नाही. तिथे श्वास धरून परत फिरवायचं. मला हे इतकं आवडायला लागलं की दुकानात फोन वाजत राहायचे आणि मी ओंडक्याला कान लावून बसलेली असायची. लाकूड आतून कसं असेल, असा विचार मी आयुष्यभर वखारीत राहून एकदाही केला नव्हता.

एकदा दादाने एकच ओंडका पुढे ठेवला. मी चारही बाजूंनी फिरवलं. गप्प.

"ह्यात काही नाही."

"नीट बघ," दादा म्हणाला. "मी स्वतः घातलाय."

परत फिरवलं. गप्प. तिसऱ्यांदा फिरवताना मला एका खुंटीजवळ काहीतरी जाणवलं, अगदी पुसट.

"हां, इथे असेल. हलकासा येतोय."

दादाचा चेहरा पडला. "तिथे काही नाही. ह्या ओंडक्यात मी काहीच घातलेलं नाही."

"मग खोटं कशाला बोललास?"

"तू कुणाचं ऐकतेस ते बघायला. यंत्र गप्प होतं. मी बोललो म्हणून तुला ऐकू आलं." तो बाकाकडे वळला. "उद्या घाई झाली, गिऱ्हाईक डोक्यावर बसलं, तर तू 'काही नाही' असंही म्हणशील. तुझ्या भरवशावर मी हात कसा घालू?"

मी जेवताना कुणाशी बोलले नाही. वहिनीने दोनदा वाढलं, मी दोनदा खाल्लं, पण बोलले नाही. दादा लबाड होता, हे खरं होतंच. पण त्याचं म्हणणंही खरं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. यंत्र बोललं की कुणालाही कळतं. ते गप्प असतं तेव्हा खरंच काही नसतं, की त्याला ऐकू येत नसतं? ह्याचा मी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून मी बोलणारं यंत्र सोडून गप्प यंत्र शिकायला लागले. एक खिळा खिडकीत ठेवला. प्रत्येक फेरीआधी आणि नंतर चकती त्याच्यावर धरायची, म्हणजे यंत्र जागं आहे की नाही ते कळतं. मग तोच खिळा वेगवेगळ्या जाडीच्या फळ्यांखाली ठेवून पाहिलं. वीतभर लाकडापलीकडचं त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे जाड ओंडक्याच्या गाभ्याबद्दल त्याला काही विचारण्यात अर्थच नव्हता. एक फळी कापायची, पुन्हा फेरी मारायची, मग पुढची फळी. हे मी दादाला सांगितलं.

"एका ओंडक्याला दिवस जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

 करवत विकायची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढली नाही.

मग शाळेच्या फाटकातलं झाड वाऱ्याने पडलं. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. वाचनाच्या खोलीसाठी लांब टेबलं हवी होती, त्याच झाडाची, अखंड फळ्यांची. रस्त्यावरचं झाड म्हणजे लोखंडाचं कोठार, हे वखारीत सगळ्यांना माहीत असतं. मी होकार देताना दादाकडे बघितलंच नाही.

ओंडका ठोकळ्यांवर चढवला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर यंत्र बोललं. मी खडूने खूण केली. थोडं बाजूला पुन्हा बोललं, मग खाली, मग पुन्हा बाजूला. सगळ्या खुणा झाल्यावर मागे सरून पाहिलं तर सालीवर चांगला चौकोन तयार झाला होता.

"हे काय आहे?" दादाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पटाशी उचलली. दोघांनी दोन बाजूंनी सुरुवात केली. झाडाने गिळलेला पत्रा हळूहळू बाहेर आला, चार कोपऱ्यांना चार दणदणीत खिळे ठोकलेला. वहिनी डबा घेऊन आली होती, तिने ओल्या फडक्याने तो पुसला आणि मोठ्याने वाचलं.

"झाडांना खिळे ठोकू नयेत. हुकमावरून."

 मग दादा हसला. पोट धरून, ओंडक्यावर डोकं टेकून हसला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच त्याला म्हणता आलं. वर्षभरात मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. मीही हसत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

पत्रा निघाला, खिळे निघाले. मी खिडकीतल्या खिळ्यावर यंत्र तपासलं आणि चारही बाजूंनी सावकाश फेरी मारली. मग पुन्हा खिळा तपासला. दादा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"मला वाटतं तिकडे खाली काहीतरी आहे," तो म्हणाला.

"नाही."

"बघ हं."

"काही नाही, दादा. वीतभर आतपर्यंत काहीच नाही."

तो वळला आणि करवतीच्या खोलीत गेला. वहिनी दारात आली. "अहो," ती म्हणाली, "आठ बोटं उरलीत. तेवढी मला हवीत." तो म्हणाला, "हो." आणि त्याने करवत सुरू केली.

ओंडका पट्ट्याला लागला, आवाज सरळ चालला होता. निम्म्याला आल्यावर तो बदलला. जाड, कर्कश झाला. दादाचा हात झटकन बंद करायच्या बटणावर गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. त्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. मी नुसतं "थांब" असा हात केला असता तरी तो थांबला असता, आणि कुणी मला नावं ठेवली नसती.  पण तिथे यंत्र गप्प होतं, आणि ते जागं होतं, हे मला माहीत होतं. मी मान हलवली. लोखंड नाही.

दादाने बटणावरून हात काढला. तीन बोटांचा तो पंजा ओंडका सरकवायच्या दांड्यावर ठेवला आणि पुढे रेटला.

फळी सुटून आडवी पडली. तिच्या मधोमध तळहाताएवढी काळी, दगडासारखी कठीण गाठ होती. लोखंड नव्हतं. वहिनीने दाराची चौकट धरली होती, ती आता सोडली. मी तिथेच भुशात खाली बसले.

दादाने करवत थांबवली. गाठीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळला.

"बसलीस काय? ऊठ, पुढची फेरी मार. अख्खा ओंडका बाकी आहे."