रामदासपेठेची लाइन

माझ्या सासऱ्यांचं नावच दादाजी. त्यामुळे मी, माझा नवरा संघपाल, आमची दीप्ती, वॉचमन, समोरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर, सगळे त्यांना दादाजीच म्हणतात. त्यात आदर किती आणि नाव किती, हे कोणालाच सांगता यायचं नाही. वय एकोणनव्वद. कान शाबूत, दात स्वतःचे सात, आणि हट्ट एवढा की आम्हा तिघांत वाटला तरी उरेल.

हट्ट एकाच गोष्टीचा. लोकसभेच्या मतदानाला आमच्या बूथवर पहिलं मत त्यांचं पडलं पाहिजे.

यात एवढं काय, असं परक्याला वाटेल. आमच्या भागात मतदानाला गर्दी असते कुठे? मी शाळामास्तरीण होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. चार निवडणुकांच्या ड्युट्या केल्या आहेत. वस्तीतल्या बूथवर सकाळी सातलाच लाइन कंपाउंडच्या बाहेर जाते. आमच्याकडे घरटी दोन गाड्या, पण दहा वाजता पोलिंग ऑफिसर जांभया देत बसलेला. लोक सुट्टी बघून पचमढीला जातात आणि परत आल्यावर सरकार कुठे चुकतंय ते आपल्याला समजावून सांगतात. मला या लोकांचा मनस्वी राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पण पहिल्या नंबराला एक दावेदार होता. मधुकरराव. वय सत्त्याऐंशी, बाजूच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. ती बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, बंगल्याच्या जागेवर उभी आहे. दादाजींनी चौऱ्याऐंशीत वीज मंडळाचं कर्ज काढून इथे फ्लॅट घेतला, त्याच वर्षी मतदानाला दोघं पहाटे बूथच्या शाळेच्या गेटवर एकमेकांना भेटले आणि तिथून शर्यत लागली. नियम दोघांनी मिळून ठरवले. पायी यायचं. साडेपाचच्या आधी घर सोडायचं नाही. आणि आपल्यासाठी दुसऱ्यानं नंबर धरायचा नाही. दहा निवडणुकांत हिशेब सहा-चार, दादाजी पुढे.

दादाजींची एक वही आहे. प्रत्येक लोकसभेला लाइनीतले पहिले दहा जण कोण होते, ते त्यात लिहिलेलं. मी एकदा म्हटलं, "अहो दादाजी, निवडून कोण आलं ते लिहा ना."

"ते पेपरवाले सांगतेत," ते म्हणाले. "लाइनीत कोण आलं, ते मी सांगतो."

आणि सांगायला बसले की आमच्या मतदारसंघाचा सगळा इतिहास त्या दहा-दहा नावांतून निघतो. सत्याहत्तर साली बंगल्यांतल्या बायका सुद्धा सकाळी सातला पदर खोचून उभ्या होत्या. तशी लाइन ना आधी लागली, ना नंतर. मग वहीतून बंगल्यांची आडनावं एकेक करून गळतात आणि बिल्डिंगींची नावं येतात. नव्वदनंतर डॉक्टर दिसू लागतात, कारण हॉस्पिटलं आली. त्यापुढे तर काही वर्षी पहिल्या दहांत चौघं-पाचजण स्वयंपाकवाल्या आणि ड्रायव्हर. साहेब घरी एसीत बसून निकालाची चर्चा करायचे.

वहीचं पहिलं पान सत्तावन्नचं. ते त्यांनी फक्त घरच्यांना दाखवलं आहे.

दादाजींचे वडील वकीलसाहेबांच्या बंगल्यावर माळी होते, घर बंगल्यांमागच्या वस्तीत, म्हणजे बूथ तेव्हापासून हाच. छप्पनच्या ऑक्टोबरात घरानं धम्मदीक्षा घेतली आणि पाच महिन्यांनी मतदान आलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. बाप-लेक पांढरे कपडे घालून सहालाच येऊन उभे राहिले. पहिला बाप, दुसरा लेक. दार उघडलं, तेवढ्यात वकीलसाहेबांची गाडी आली. कोणी कोणाला काही बोललं नाही. माळी आपणहून मागे सरला, त्याच्यासोबत सगळी लाइन मागे सरली. मग दुसऱ्या बंगल्याची गाडी आली, मग तिसऱ्या. बाप-लेकांची मतं पडली नववी आणि दहावी.

"पहिल्या नंबरावर आपण येऊ तो टाइम वेगळा असंल," माळी परत येताना म्हणाला होता. दादाजींनी ते वाक्यही पानाच्या खाली लिहून ठेवलं आहे. मधुकररावांना या पानातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना ही शर्यत म्हणजे म्हाताऱ्यांची गंमत वाटायची.

तर यंदाची, म्हणजे दोन हजार चोवीसची गोष्ट. मतदान एकोणीस एप्रिलला, शुक्रवारी. दीप्ती विमानतळापलीकडे मिहानमध्ये एका कंपनीत कामाला आहे. तिची ही पहिलीच लोकसभा. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी बघून तिनं मैत्रिणींसोबत चिखलदरा ठरवलं. शुक्रवारी सकाळी मत टाकून आम्ही निघू, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर माझा विश्वास नव्हता.

मतदानाच्या सहा दिवस आधी ती सहज म्हणाली, "मम्मी, दादाजींना यंदा पहाटे उठायची गरजच नाही. मी सगळं सेट करून ठेवलंय."

पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरबसल्या मत द्यायची सोय सरकारनं केली होती. मागच्या महिन्यात बूथवाली बाई फॉर्म घेऊन घरी आली, तेव्हा मी काटोलला बहिणीकडे गेले होते. दीप्तीनं तो फॉर्म भरला आणि दादाजींना सही करायला सांगितली. त्यांनी विचारलं, कशाचा आहे? ही म्हणाली, सीनियर सिटिझनचा. त्यांना वाटलं व्हीलचेअर वगैरे असेल. त्यांनी सही केली.

मी चार वेळा मतदार यादी हातात धरून बसलेली बाई. एकदा घरचं मत मागितलं की यादीत नावापुढे तशी खूण होते आणि मग त्या माणसाला बूथवर मत देता येत नाही, हे मला पाठ. माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

"अरे यार मम्मी, बेचाळीस डिग्री आहे बाहेर! मी त्यांच्यासाठीच केलं ना!"

"काहून खोटं बोलून राहिली? अर्धं त्यांच्यासाठी, अर्धं तुझ्या चिखलदऱ्यासाठी."

ती रडायला लागली. मला वाईटही वाटलं, आणि बरंही. पण आता दादाजींना सांगणार कोण? संघपालनं पेपर डोळ्यांपुढे धरला. म्हणजे मीच.

दादाजी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी एका दमात सांगून टाकलं. ते ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली.

"म्हणजे मी लाइनीतच नाही," ते म्हणाले.

दोन दिवसांनी घरचं मत घ्यायला माणसं आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा. दादाजी खोलीतून बाहेर येईनात.

"पाठवून दे त्याइले. मले नाही द्याचं मत."

"पाठवते," मी म्हटलं. शाळेत अडलेल्या पोरांशी बोलायचा माझा एक आवाज आहे, तोच काढला. "एक खेप आणखी येतील, मग येणार नाहीत. सत्तावन्नपासून तुमचं मत चुकलं नाही. यंदा चुकेल. नववा नंबर लागला तरी तुमच्या वडिलांनी मत टाकलं होतं, घरी नव्हते गेले."

पाच मिनिटांनी ते पांढरा शर्ट घालून बाहेर आले. खुर्चीत ताठ बसले. "माझा नंबर कितवा?" त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं.

"आज तुम्ही सतरावे, आजोबा," तो बिचारा कौतुकानं म्हणाला.

मला हसू आलं आणि रडूही. दादाजी आडोशामागे गेले, मत दिलं, पाकीट स्वतः चिकटवलं. अधिकाऱ्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी मधुकररावांना मी खालीच गाठलं. "तुमचं भलं झालं. यंदा तुम्ही बिनविरोध."

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते काठी टेकून तसेच उभे राहिले. "बिनविरोध काय मजा आहे हो," म्हणाले.

एकोणीसच्या पहाटे पाचला मला जाग आली तर दीप्ती आंघोळ करून तयार. चिखलदरा तिनं कधीच रद्द केलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. "मी उभी राहते लाइनीत," ती म्हणाली. "दादाजींच्या नावानं नाही. माझ्याच नावानं." साडेपाचला ती पायी निघाली. मागोमाग दादाजी आपलं घडीचं स्टूल काखेत मारून निघाले, म्हणून मीही चप्पल अडकवली.

शाळेच्या गेटवर मधुकरराव आधीच उभे होते. पहिले ते, दुसरी दीप्ती, तिसरी मी. दादाजी गेटच्या बाहेर झाडाखाली स्टूल टाकून बसले. लाइन दिसेल अशा बेतानं.

त्या तासाभरात पोरीनं काय केलं, तर मधुकररावांना सत्तावन्नचं पान सांगून टाकलं. मी डोळे वटारले, चिमटा काढला, पण ती थांबली नाही. मधुकररावांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला. सातला दार उघडलं तसे ते लाइनीतून बाहेर झाले.

"जा बेटा," ते म्हणाले. "पहिली तू."

"ओ मधुकरराव!" बाहेरून दादाजी ओरडले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "जागेवर राहा!"

"दादाजी, माझ्या वडिलांनी..."

"तुमच्या वडिलांनी सरक म्हटलं नव्हतं. माझा बापच सरला. राग कोणावर काढाचा, तेच मले कधी समजलं नाही." त्यांचा श्वास लागला होता. "आता या लाइनीत कोणी कोणासाठी सरकाचं नाही. माझ्या नातीसाठी बी नाही. तुम्ही पहिले आले ना? मग पहिले जा."

मधुकरराव परत जागेवर आले. आत गेले. मत टाकून बाहेर आले आणि सरळ दादाजींसमोर उभे राहिले. "सहा-पाच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"पुढच्या खेपेले पाहून घेतो," दादाजी म्हणाले.

मी मत टाकून आले तोवर सात वाजून दहा मिनिटं झाली होती. लाइनीत आता सर्वांत पुढे रुखमाबाई, समोरच्या डॉक्टरांची स्वयंपाकवाली. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर उतरले. कोणी काही बोललं नाही. रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक पाऊल मागे घेतलं.

मी दादाजींकडे पाहिलं. ते स्टुलावरून उठले होते.

"रुखमाबाई," त्यांनी हाक मारली, यावेळी हळूच. "जागेवर राहा वं. साहेब राहतेत मागं उभे."

डॉक्टर ओशाळले. "हो हो, मागेच आहे मी," म्हणाले आणि खरंच तिच्या मागे जाऊन उभे राहिले. रुखमाबाई पुढे झाली, आत गेली.

घरी आल्यावर दादाजींनी चहा मागितला, दीप्तीला वही आणायला सांगितली. त्यांचा हात आता कापतो, म्हणून तिनंच लिहिलं. पहिले मधुकरराव. दुसरी दीप्ती. तिसरी प्रेमिला, म्हणजे मी. चौथी रुखमाबाई. पाचवे डॉक्टर. मग पुढचे पाच.

"खाली अजून एक लिही," ते म्हणाले, बशीत चहा ओतत. "यंदा कोणी मागं सरलं नाही."