ताईच्या मानदुखीच्या गोळ्या

माझं औषधाचं दुकान आहे आणि ताई शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर वाकून तिची मान आखडायची, म्हणून दर आठवड्याला मी तिला दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं नेऊन द्यायचो. चिठ्ठी नाही, बिल नाही. सख्ख्या बहिणीला कसलं बिल? उलट मला फुशारकीच वाटायची, की आपल्या माणसांना दुखणं सोसावं लागत नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तरी ताईला मूल होईना. तपासण्या झाल्या. तिचे आणि दाजींचे, दोघांचेही रिपोर्ट व्यवस्थित. दाजी कामावर असले की दवाखान्यात सोबतीला मी. डॉक्टरांनी विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत का? ताई म्हणाली, नाही. खोटं बोलत नव्हती बिचारी. औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं. भावाच्या खिशातून येतं ते कसलं औषध? पण मी तर दिवसभर त्याच गोळ्या विकतो, आणि मीही शेजारी बसून मान डोलवली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय. पुढे कंटाळून दोघांनी दवाखाना सोडला.

गेल्या आठवड्यात आम्हा दुकानदारांसाठी एक व्याख्यान होतं. खरं सांगायचं तर मी चहासाठी गेलो होतो. बोलणाऱ्या बाई सांगत होत्या, की प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य शरीर स्वतःच तयार करतं. पाळीत पोटात कळा येतात त्या त्याच्यामुळे, बाळंतपणात गर्भाशय आवळतं त्यातही त्याचा हात. आणि दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडायलाही तेच लागतं. दुखण्याच्या गोळ्या नेमकं तेच कमी करतात. सतत घेतल्या तर बीज आतच अडकून राहू शकतं. गोळ्या थांबवल्या की बहुतेकदा गाडी रुळावर येते, असंही त्या म्हणाल्या. चहा न घेताच मी निघालो. ताई आता सत्तेचाळीस वर्षांची आहे.

मूल त्यामुळेच झालं नाही, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. आठ दिवस मीही मनाची हीच समजूत घालत होतो. काल दुपारी मात्र गेलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, म्हणजे ह्यांच्यात काही दोष नव्हता? रिपोर्टात तर नव्हताच, मी म्हणालो.

"रिपोर्टावर त्यांचा कधी विश्वास बसला?" ताई म्हणाली. "कुणीतरी डोक्यात भरवलं, भट्टीच्या उष्णतेनं पुरुषात दोष येतो. तेवढ्यासाठी कारखान्यातलं चांगलं काम सोडलं आणि वॉचमन झाले. अजून माझी माफी मागतात रे."

ताईची माफी मागितली की मोकळा होईन, असं समजून मी आलो होतो. निघायला म्हणून उठलो.

"सहाला येतील ते," ती म्हणाली. "बस. तूच सांग त्यांना."