तीन विजेतेपदं, दोन लढती

प्रकाशा गावच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर चार फोटो आहेत, चारही पुरुष पैलवानांचे. पाचवा रुपाचा लावायचा की नाही, यावर त्या संध्याकाळी मुलांचा वाद ठेवला होता. रुपा आमच्याच गावची. बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात सलग तीन वर्षं राज्य विजेती. वाद घालायला शिकवण्याचं काम निवृत्तीनंतरही माझ्याकडेच येतं. माझा नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं मांडा, मग खोडा.

अध्यक्ष बन्सीलाल आबा खुर्चीत होते. रुपा कोपऱ्यात उसवलेला ग्लोव्ह शिवत होती.

गोपाल उठला. "विजेतेपदं तीन, लढती दोन. तिसऱ्या वर्षी समोर कोणी आलंच नाही. मोठं कोणाला म्हणायचं? ज्याने मोठ्यांना हरवलं त्याला."

"बराबर बोलना!" आबांनी मांडीवर थाप मारली. "समोर कोनी नही, मंग कसानी चॅम्पियन?"

काजल उभी राहिली. बारावीतली, पहाटे रुपाकडे सरावाला येणारी.

"गाठोडं उठलं रे," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"गोपालचं म्हणणं असं, की ज्या गटात कोणी नसतं तिथे जिंकणं सोपं. बरोबर?" काजलने विचारलं.

गोपालने मान हलवली.

"सोपं होतं, तर कोणी आलं का नाही?"

"तेवढं वजन कोणाचं असतं!"

"आपल्या वर्गात तिघींचं आहे. पण त्या काट्यावर चढत नाहीत. आकडा गावात फुटला तर स्थळं येणार नाहीत, असं घरी सांगतात. रुपाताई चढली. एक्याऐंशी किलोच्या वरचा गट, नावासकट यादी भिंतीवर लागली. पहिली लढत तिने तिथेच जिंकली."

"काट्यावर त कापूसनं गाठोडं बी चढस, पोरी," आबा म्हणाले. हशा पिकला.

"हसून घ्या. पण उत्तर तिचंच ऐकायचं आहे," मी म्हटलं.

काजल अंगणात गेली, मागोमाग आबा, मुलं आणि मी. शेजारच्या व्यापाऱ्याचा कापूस तोलायचा काटा तिथेच असतो. चपला काढून ती वर उभी राहिली.

"गुरुजी, वाचा."

"गोपाल वाचेल. मुद्दा त्याचा आहे."

गोपाल वाकला. "चौऱ्याऐंशी," तो पुटपुटला.

"आबांना ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

"चौऱ्याऐंशी!"

फाटकाशी तिची आई वत्सलाबाई येऊन उभी होती. "काजल, उतर खाले! लोक देखी ऱ्हायनात."

"देखू दे, माय." काजल हलली नाही. "आबा, यंदा जिल्ह्याच्या निवडीला या गटात माझं नाव द्या. ताईसमोर कोणी नव्हतं ना? आता आहे."

रुपाने दाताने दोरा तोडला आणि बाहेर आली.

"आबा, फोटो राहू द्या. तिसरी लढत बाकी आहे माझी. हिला हरवते, मग लावा."

"आनि तूच हारनी त?"

"मग हिचा लावा."

आबा एकदा रुपाकडे, एकदा काट्याकडे पाहत राहिले.

"मंग फोटोना खिया आत्तेच ठोका, आबा," काजल वरूनच म्हणाली. "कोनी बी जिको, फोटो बाईनाच लागी."

आबांच्या आधी गोपालच हातोडी शोधायला आत पळाला.