दुसऱ्याचं कुलूप

धाकट्यानं माउसचा बाण कुलपाच्या चित्रावर नेला आणि खुर्ची पुढं ओढली. पडद्याच्या कोपऱ्यातली लाल खूण त्याला कितीतरी दिवस सलत होती. सॉफ्टवेअर भरायच्या-काढायच्या त्या खिडकीत 'सगळं अपडेट करा' म्हटलं, की उत्तर ठरलेलं : एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा, अडून बसलंय, ते हलेपर्यंत बाकीची हलणार नाहीत. अडून बसलेल्या त्या पॅकेजपुढं बारीकसं कुलूप होतं.

"ताईचं काम हे. सगळं अर्धवट."

मागं कॉटवर बसलेल्या अण्णांनी टाळी वाजवली. मग पुन्हा एकदा, जोरात.

"थांबा अण्णा, झालंच."

अण्णांना थांबण्यावाचून इलाज नव्हता. जन्मभर बस-स्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, आणि हात असे थरथरत की बोटांत पेन ठरत नसे. एका बोटानं टाइप करायचं आणि संगणकानं ते मोठ्यानं वाचायचं, एवढंच बोलणं उरलं होतं. आणि आत्ता कीबोर्ड धाकट्यापुढं होता.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवत, मग सुट्टीचा दिवस असो नाहीतर जेवणाची वेळ. त्यानं कुलूप काढलं, बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत टोकाला गेली आणि लाल खूण नाहीशी झाली.

"घ्या. चकाचक," म्हणत तो उठला.

अण्णा येऊन बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी ओळ लिहिली. संगणक गप्प. धाकट्यानं स्पीकरची वायर हलवून पाहिली, गाणं लावून पाहिलं. गाणं खणखणीत वाजलं. आकडे लिहिले तर तेही यंत्रानं वाचले. मराठी अक्षरं आली की मात्र त्याची दातखीळ बसत होती.

मग त्यानं अण्णांची ओळ वाचली. 'ते कुलूप तिनं मुद्दाम लावलं होतं. काढायचं नव्हतं.'

लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी प्रत्येक माणूस मुख्य स्विचला आपलं कुलूप लावतो. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण आत माणूस असतो. नव्यानं आलेल्यांना हे तो दमात घेऊन शिकवायचा.

त्यानं बरीच खटपट केली. केलेलं काही मागं फिरेना. अण्णा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते, रागावलेलेही नव्हते. ते त्याला जास्त लागलं.

आता ताईलाच विचारायला हवं होतं. ऑपरेशनच्या दिवशी तो परगावी कामावर होता. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, सही ताईनं केली. तो पोचला आणि वॉर्डाबाहेर सगळ्यांदेखत तिला म्हणाला, 'तू अण्णांचा आवाज घालवलास.' तेव्हापासून तो कामावर गेला की ताई यायची, आणि तो परतायच्या आत निघून जायची.

त्यानं फोन लावला.

"ताई."

"अण्णा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. त्यांचा आवाज गेलाय. माझ्या हातून गेला."

तिनं आता वॉर्डाबाहेरचे ते शब्द परत करावेत, असं त्याला मनापासून वाटलं. म्हणजे फिट्टंफाट झाली असती.

"कुलूप काढलंस?"

"हो. तुला विचारायला हवं होतं."

"नव्या आवृत्तीत मराठी आवाज चालत नाही. म्हणून जुनी धरून ठेवली होती मी." ती संथपणे सांगत गेली. "त्या पॅकेजवर क्लिक कर. वर मेनूत आवृत्ती निवडायची सोय आहे. दोन दिसतील. जुनी घे."

"आणखी दोन-चार पॅकेजं काढावी लागतील म्हणतंय."

"जाऊ देत. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

पट्टी पुन्हा सरकली. त्यानं खुर्ची रिकामी केली. अण्णांचं बोट बराच वेळ फिरत राहिलं, मग यंत्र आपल्या सपाट आवाजात बोललं :

"पोरी, जेवलीस का?"

फोनमधून ताई म्हणाली,

"जेवले, अण्णा."

अण्णांनी मान हलवली, जणू ती समोरच उभी होती.

"आता कुलूप परत लाव," ती धाकट्याला म्हणाली. "नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच होईल."

त्यानं बाण तिथवर नेला. मग हात काढून घेतला.

"ते तुझं आहे, ताई. तूच लाव. मी घरीच आहे. तरी ये."

फोन बंद झाला नाही. जरा वेळानं पलीकडे कपाट उघडल्याचा आणि मग दाराची कडी काढल्याचा आवाज आला.