खांब सोडून टेबलाला बांधलेला मी

मित्रांनो, लॅपटॉप चोरीला जाऊ नये म्हणून त्याला जखडतात ना, ते तारेचं कुलूप म्हणजे मी. अंगानं जुना आणि मनानं भित्रा. माझं एक डोकं लॅपटॉपच्या कुशीतल्या बारीक खाचेत बसतं, आणि दुसऱ्या टोकाचा फास कशालातरी अडकवतात. हे ‘कशालातरी’ म्हणजेच माझं नशीब.

पोलादाच्या बारीक तारा पिळून मला घडवलं. श्रीगोंद्याच्या दुकानातून मला धनश्रीनं आणलं. तिच्या मैत्रिणीचा लॅपटॉप कॉलेजच्या वाचनालयातून चोरीला गेला होता, म्हणून. वाचनालयात ती मला खिडकीच्या गजाला बांधायची. ते माझे सुखाचे दिवस. गज हलत नाही म्हटल्यावर मला कसली भीती? पुढे परीक्षा संपली आणि मी काष्टीच्या घरी खिळ्यावर आलो. एकदा तर गोठ्याचं फाटक बांधायला नेलं मला. शेळीनं चाटूनही पाहिलं.

मग गावचा हरिनाम सप्ताह आला. धनश्रीचे वडील, तिचे आण्णा, म्हणजे बन्सी महाराज. गावोगाव कीर्तनं केलेला माणूस. काय तो गळा! परंतु घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ते टाळकऱ्यांत मुक्यानं उभे राहतात. त्यांची जुनी कीर्तनं तेवढी धनश्रीच्या लॅपटॉपात होती, दुसरीकडे कुठंही नाही. “कॉपी काढते,” असं धनश्री रोज म्हणायची, आणि रोज राहून जायचं.

सप्ताहाचं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं. तिनं मला आधी मंडपाच्या लोखंडी खांबाला बांधलं. तेवढ्यात शेजारच्या केशरबाई हसल्या, “आगं, देवाच्या दारात कुलूप? उद्या इठोबालाबी साखळी घालशील!”

“काकू, आण्णांचा आवाज हाय यात.”

“मंग तर हितं नगंच. कीर्तनाच्या महाराजांच्या पाया पडायला समदं गाव हितनंच जातंय. तार ओलांडत्याल, पाय लागंल. त्या आवाजाला पाय लावायचा व्हय?”

धनश्रीनं जीभ चावली, मला सोडवलं आणि कडेच्या घडीच्या टेबलाच्या पायात अडकवलं. भक्तीपोटी केलं हो तिनं. पण टेबलाचा पाय सरळसोट. तो जरा उचलला की फास खालून मोकळा! हे मला दिसत होतं, पण मला बोलता कुठं येतं?

काल्याच्या कीर्तनाचा दिवस उजाडला. मिरजगावचे महाराज रंगात आले होते. चिपळ्या, पखवाज, टाळ! एरवी मी त्या गजरात तल्लीन होतो. त्या दिवशी मात्र प्रत्येक चाहूल मला चोराची वाटत होती. हंडी फुटली. काल्याच्या लाह्यांसाठी सगळा मंडप पुढे लोटला. धनश्रीही ओंजळ धरून गेली.

आणि तो आला. डोक्यावर टोपी, कपाळी बुक्का. अगदी आपल्यातलाच दिसत होता, म्हणून तर मी जास्त घाबरलो. त्यानं लॅपटॉप ओढला. मी ताणलो. तो खाली वाकला. त्याच्या गार बोटांनी फास चाचपला आणि गुडघ्यानं टेबल हळूच उचललं. मी घसरू लागलो. विठ्ठला! आण्णांचा आवाज चालला रे! मी जीव खाऊन टेबलाच्या पायाला घासलो. माझं वरचं वेष्टण फाटलं, पण मी घसरतच राहिलो.

बन्सी महाराजांनी पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. आवाज कसा फुटणार? गर्दीतून वाट नव्हती. मग त्यांनी टाळ उचलले आणि ठेका सोडून भलतेच वाजवले. खण्ण! खण्ण! खण्ण!

बन्सी महाराजांचा टाळ आणि ठेक्याबाहेर? पखवाजवाला थबकला. गजर तुटला. अख्ख्या मंडपानं मागं वळून पाहिलं, तर बन्सी महाराजांचा हात टेबलाकडे.

“आरं धरा त्याला!” केशरबाई कडाडल्या.

टेबल, लॅपटॉप दोन्ही सोडून चोर शेजारच्या उसात पळाला. टेबलाचा पाय माझ्यावर आपटला. मी चेंगरलो, पण माझा फास पायातच अडकून राहिला.

धनश्री मला उराशी धरून रडली. संध्याकाळी तिनं आण्णांचं एक जुनं कीर्तन लावलं. मुके आण्णा ओठ हलवत होते आणि त्यांचा आवाज घरभर घुमत होता. मग तिनं कॉपी काढली. पेनड्राईव्ह केशरबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि त्या म्हणाल्या, “आता माझ्या पदराला कुलूप लाव बाई.”

मित्रांनो, ती गार बोटं मला अजून आठवतात. टेबल नुसतं सरकलं तरी मी दचकतो. म्हणून हात जोडून सांगतो, आम्हाला उचलता येईल अशा वस्तूला बांधू नका. मोलाचं आहे त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि आमच्या भरवशावर पाठ फिरवू नका. आम्हाला ओरडता येत नाही, आणि ठेका सोडणारा टाळ दर वेळी जवळ असेलच असं नाही.